एक खडप, चार होड्या, दोन कयाक आणि फिरलेलं पाणी

त्या रविवारी दाभोळ खाडीत गरवायला, म्हणजे गरीने मासे पकडायला, गेलेल्या दोन होड्या एकमेकींवर आदळल्या. हे लिहायला बसलो कारण त्यानंतर हाच किस्सा मी तीन लोकांकडून तीन तऱ्हेने ऐकला, आणि तिन्हीत चूक दुसऱ्याचीच होती. एका व्हर्जनमध्ये तर मीच आहे, "तो चिपळूणवाला उगाच आरडाओरडा करत होता" म्हणून. केला होता आरडाओरडा, नाही म्हणत नाही. पण झालं काय आणि का झालं हे आपलं स्वतःचं चुकलेलं धरून एकदा नीट लिहून काढतो, कारण हौशी गरवणाऱ्यांची गर्दी दरवर्षी वाढतेय, खडपं (मासा बसतो ते पाण्यातले खडक) मात्र तेवढीच आहेत.

जागा दाभोळ खाडीच्या तोंडाजवळची. नेमकं खडप सांगणार नाही, ज्यांना माहितीय त्यांना माहितीय, आणि ज्यांना नव्हतं त्यांना कुणाच्यातरी व्हिडिओ रीलमध्ये मागे अंजनवेलचं दीपगृह दिसलं त्यावरून कळलंच. दोन वर्षांपूर्वी तिथे रविवारी एखादी होडी दिसायची, आता दिवाळीनंतरच्या सीझनला चार-पाच असतात. त्यात गॅसच्या जेटीच्या बाजूला जायची सोय नाही, मधला चॅनल ट्रॉलरचा, म्हणजे सगळ्यांना मिळून उरतो तो एवढासा तुकडा, जेमतेम क्रिकेटच्या ग्राउंडएवढा. आणि मासा त्याच्याही एका कोपऱ्यात, खडपाच्या शेपटाला, जिथे पाणी वळसा घेतं. तांबोशी तिथेच बसते, कधीमधी जिताडाही लागतो.

दिवस संकष्टीचा. हे लक्षात राहायचं कारण आमच्यातल्या डॉक्टरचा उपास होता आणि त्याने डब्यात साबुदाण्याची खिचडी आणली होती, जी शेवटी पाण्यात गेली, ते पुढे येईलच. पण संकष्टीचा खरा मुद्दा वेगळा आहे. आपल्याकडे जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की साधारण पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थी म्हणजे चार गुणिले पाऊण, तीन वाजता भरती. मग त्याच्या सहा तास आधी, सकाळी नऊच्या सुमाराला, तळाची ओहोटी. म्हणजे उजाडल्यापासून नऊपर्यंत पाणी बाहेर समुद्राकडे जाणार, नऊला अर्धा तास थांबल्यासारखं होणार, आणि मग उलटं आत शिरणार. हे त्या सकाळी तिथे असलेल्या प्रत्येकाला माहिती होतं, ॲपवर दिसतंच. पण माहिती असणं वेगळं आणि नांगर टाकताना ते डोक्यात असणं वेगळं.

कोण कुठे होतं ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. खडप पश्चिमेला धरा, समुद्राच्या बाजूला. त्याच्या अलीकडे पूर्वेला, म्हणजे खाडीच्या आतल्या बाजूला, होड्या. सगळ्यात आधी, अंधारातच, एक म्हातारेबुवा आपली लाकडी होडी घेऊन आलेले. एकटेच. रॉड नाही की रील नाही, हातात तंगूस (गरीची नायलॉनची दोरी), गरीला जिवंत कोळंबी. नांगर म्हणजे लोखंडाच्या दोन गजांमध्ये बांधलेला दगड. त्यांच्यानंतर आम्ही साडेसहाला पोचलो, भाड्याची फायबरची होडी, तांडेल, म्हणजे होडी चालवणारे, आमचे नेहमीचे काका, वर आम्ही तिघं. मग सातच्या आसपास दोन पोरं कयाक घेऊन आली, मुंबईची. आठनंतर पुण्याच्या पाच जणांचा ग्रुप, त्यांचीही भाड्याची फायबर, पण उन्हासाठी वर ताडपत्रीचं छप्पर बांधलेलं. हे छप्पर विसरू नका. आणि चौथी होडी ट्रोलिंगवाल्यांची, मागे दोन लूर (नकली आमिषं) सोडून खडपाभोवती गोल गोल फिरणारी.

आम्ही नांगर टाकला तो म्हातारेबुवांच्या थोडा वरच्या अंगाला, म्हणजे पाणी येतं त्या बाजूला. पाणी सात-एक मीटर, काकांनी दोर सोडला पस्तीस मीटर. बरोबर होतं ते, खोलीच्या पाचपट दोर सोडला की नांगर आडवा ओढला जातो आणि धरतो, कमी सोडला की वर उचलला जातो आणि घसरतो. होडी नांगरापासून पस्तीस मीटर पश्चिमेला सरकून थांबली, नाळ (होडीचं पुढचं टोक) पूर्वेला, आमची पाठ खडपाकडे. वारा मतलई, जमिनीकडून समुद्राकडे, पाणीही तिकडेच. वारा आणि पाणी एकाच दिशेला असलं की सगळ्या होड्या कशा शाळेतल्या पोरांसारख्या एका रांगेत एकाच बाजूला तोंड करून उभ्या राहतात. असं वाटतं की अंतर भरपूर आहे. तिथेच फसतो माणूस.

दीड तास छान गेला. डॉक्टरला एक किलोभराची तांबोशी लागली, मला एक लागली आणि खडपात घुसली, लीडर (गरीजवळचा जाड दोरा) कापून गेली. कयाकवाले दोघं खडपाच्या आतल्या अंगाला अगदी कडेला बसलेले, शांत, वल्ह्याचा आवाजही नाही. म्हातारेबुवांना काही लागलेलं दिसलं नाही. ते आमच्याकडे बघतही नव्हते.

सव्वाआठला पुण्याची होडी आली. धक्क्याकडून फुल स्पीडने, ओहोटी पाठीशी, आणि थेट आमच्या आणि खडपाच्या मधून. आमचे दोन लूर पाण्यात होते, मी हात वर करून ओरडलो, त्यांनीही हसून हात वर केला, त्यांना वाटलं आम्ही गुड मॉर्निंग करतोय. मग एक चक्कर मारली, फिशफाइंडरवर (पाण्यातला मासा दाखवणाऱ्या यंत्रावर) काहीतरी दिसलं असावं, आणि फिरून आमच्या वरच्या अंगाला, नाळेच्या पुढे पंचवीसेक मीटरवर जाऊन नांगर टाकला. टाकला म्हणजे अक्षरशः फेकला, धप्प.

आता इथे थोडं थांबतो, कारण आवाजाबद्दल लोक काहीही बोलतात. मासे घाबरत नाहीत, समुद्रात एवढे ट्रॉलर फिरतात वगैरे. खोल पाण्यात, चॅनलमध्ये, खरंच फारसा फरक पडत नसेल, तिथे मासा खाली असतो आणि त्याला सवयही असते. पण पाच-सात मीटर पाण्यात खडपाला चिकटून बसलेल्या माशाच्या डोक्यावरून मशीन गेलं तर तो कपारीत जातो, हे दर रविवारी बघतो मी. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीपेक्षा जास्त वेगाने जातो, सेकंदाला दीड हजार मीटरच्या आसपास, आणि माशाच्या अंगावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत जी रेघ असते ती पाण्यातली थरथर ओळखायलाच असते. म्हणून शंभर मीटर अलीकडे मशीन बंद करायचं, वल्ह्याने किंवा पाण्यावर सोडून यायचं, आणि नांगर हाताने हळू उतरवायचा. यात शिष्टाचार-बिष्टाचार काही नाही, तुमचाच मासा पळतो.

बरं, पुण्याच्या होडीने दोर किती सोडला असेल? बारा मीटर, फार तर तेरा. सात मीटर पाण्यात. त्यांचा तांडेल नवीन पोरगा होता, वीस-बावीसचा, आणि वरचे पाच जण त्याला घाई करत होते, इथेच टाक, इथेच टाक. होडी घसरायला लागली, आमच्याकडे. आमचे काका ओरडले, "अरे दोर सोड, दोर!" पोरगा म्हणाला, "सोडला तर तुमच्या अंगावर येईन ना." आणि तो बरोबर बोलत होता! दोर पुरेसा सोडला असता तर तो आमच्या मांडीवर येऊन बसला असता. म्हणजे त्या जागी नांगर टाकण्याचा कुठलाही बरोबर मार्ग नव्हताच, जागाच चुकलेली. शेवटी त्याचा नांगर कुठल्यातरी दगडाला अडकला आणि होडी थांबली. सगळ्यांना वाटलं मिटलं.

मिटलं नव्हतं. आमचा नांगर आमच्या नाळेपासून तीसेक मीटर पुढे खाली पडलेला, आणि हे आमच्या त्याच दोरावर उभे. ओहोटी चालू होती, दोर ताणलेला, खाली खोल गेलेला, तोपर्यंत कुणालाच काही त्रास नाही.

नऊला पाणी थांबलं. हाच तो अर्धा तास ज्याच्यासाठी सगळे येतात, पाणी वळताना मासा हलतो. ट्रोलिंगवाल्यांनी गोल अजून लहान केला, त्यांचे लूर मागे तीस-चाळीस मीटर, वळताना ते आतल्या बाजूला सरकतात, एकदा माझ्या लाईनवरून गेले. मी त्यांना काय म्हणालो ते लिहीत नाही. म्हातारेबुवांच्या हातातलं तंगूस पहिल्यांदाच ताणलं गेलं. उभे राहिले, दोन्ही हातांनी, सावकाश, एक वाव (दोन्ही हात पसरले की होते तेवढी लांबी) ओढायचे, अर्धी वाव सोडायचे. चांगला मासा होता, लांबूनच कळत होतं.

आणि तेवढ्यात भरती सुरू झाली.

वारा अजून मतलईच होता, पूर्वेकडून. पाणी आता पश्चिमेकडून. दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध. अशा वेळी होडीने कुणाचं ऐकायचं ते होडीच्या बांध्यावर असतं. म्हातारेबुवांची लाकडी होडी जड, पाण्यात खोल बसलेली, ती पाण्याचं ऐकून पहिली फिरली. आमची फायबर, पण सपाट, वर काही नाही, आत तिघं अधिक काका अधिक बर्फाचा डबा, ती थोडी रेंगाळली आणि मग पाण्याबरोबर पूर्वेला निघाली. पुण्याची होडी हलकी आणि वर ताडपत्री, ती वाऱ्यावरच उभी राहिली, जागची हललीच नाही. आता हिशोब करा, आम्ही नांगराच्या पस्तीस मीटर पश्चिमेला होतो, पाणी फिरल्यावर पस्तीस मीटर पूर्वेला जाणार, म्हणजे सत्तर मीटरचा प्रवास, आणि त्याच्या बरोबर मध्ये ताडपत्रीवाली होडी.

म्हणजे त्या क्षणी अंगावर जाणारे आम्ही होतो. ते बिचारे उभे होते. हे मला तेव्हा अजिबात कळलं नाही, मी "मागे घ्या, मागे घ्या" करत ओरडत होतो, जणू तेच येतायत.

आणि दोर. आमचा दोर प्लॅस्टिकचा, तो हिरवा मिळतो ना बाजारात, स्वस्त, तो पाण्यावर तरंगतो. ताण असेपर्यंत खाली, ताण गेला की वर. पाणी थांबल्यावर पस्तीस मीटर हिरवा दोर वेटोळी करून पाण्यावर आलेला. पुण्याच्या पोराने आम्ही येतोय बघून मशीन चालू केलं, रिव्हर्स टाकला, चांगल्या हेतूनेच, आणि तीन सेकंदात आमचा दोर त्याच्या मशीनच्या पंख्यात. मशीन खाडकन बंद. धक्का असा बसला की त्याचा नांगर उपटला गेला आणि आमची होडी त्याच्या होडीवर आदळली. खिचडीचा डबा इथे गेला.

दोन होड्या एका दोराने बांधलेल्या, भरतीबरोबर पूर्वेला निघालेल्या, आमचा नांगर या ओढाताणीत सुटून घसरतोय, आणि वाटेत म्हातारेबुवांची होडी. आमची बाजू त्यांच्या तंगुसावरून गेली. मी बघितलं, काकांच्या होडीच्या कडेला तंगूस घासलं आणि तुटलं. म्हातारेबुवा मागे बसले, पडले नाहीत, बसले. तुटलेलं टोक हातात धरून एक मिनिट नुसते बघत राहिले.

पुढे चॅनल. आणि चॅनलमध्ये बाहेरून बंदरात येणारा ट्रॉलर. हॉर्न वाजवला त्याने, लांब, दोनदा. भरती पाठीशी असलेला भरलेला ट्रॉलर रिक्षासारखा ब्रेक मारत नाही. आमच्या काकांनी सुरी काढून आमचा दोर नाळेपाशी कापला, पण पंख्यातलं टोक आणि नांगर तसेच पुण्याच्या होडीला लटकलेले. आमचं मशीन वर उचलून लॉक केलेलं, ते खाली करून चालू करायला काकांना अर्धा मिनिट लागला असेल, तेवढ्यात ज्या ट्रोलिंगवाल्यांना मी सकाळपासून शिव्या घालत होतो त्यांनी आपल्या दोन्ही लाईन गुंडाळल्या, पुण्याच्या होडीच्या नाळेला दोर फेकला आणि तिला ओढून कडेला घेतलं. कयाकमधला एक पोरगा शिट्टी वाजवत ट्रॉलरला हाताने खुणा करत होता. ट्रॉलर स्पीड कमी करून पलीकडच्या अंगाने गेला. जाताना तांडेलाने जे ऐकवलं ते सगळ्यांना समान वाटून ऐकवलं.

कुणाला लागलं नाही. लाईफ जॅकेट पुण्याच्या पाचपैकी दोघांनी घातलं होतं, आमच्यातल्या एकानेही नाही, बसायला उशी म्हणून घेतली होती.

धक्क्यावर काय झालं

धक्क्यावर परत भांडण पेटलं. आमचं म्हणणं, आम्ही आधी आलो, तुम्ही आमच्या दोरावर नांगर टाकला. त्यांचं म्हणणं, आम्ही नांगरावर उभे होतो, तुम्ही येऊन आदळलात. दोन्ही खरंच. डॉक्टर उपाशी होता त्यामुळे तो जास्त तिखट. चहावाल्याने कपबश्या आत घेतल्या.

मग म्हातारेबुवा होडी ओढून वर लावून आले. मला वाटलं आता हे पुणेकरांना झापणार. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "आधी कोण आला म्हणतोस? तू आलास तेव्हा मी तिथंच होतो ना रे बाबा. तुझा नांगर माझ्या डोक्यावर पडला. मी काय बोललो?"

मी गप्प. खरं होतं. साडेसहाला आम्ही त्यांच्या वरच्या अंगाला नांगर टाकला तेव्हा त्यांची कोळंबी खाली खडपाकडे चाललेली, आणि आम्ही बरोबर त्या वाटेवर जाऊन बसलो. विचारलं नाही. मी नुसता हात वर केला होता, आणि त्यांनी केला नव्हता, हे मला आता आठवलं. पुण्याच्या लोकांनी सव्वाआठला आम्हाला जे केलं तेच आम्ही साडेसहाला त्यांना केलं होतं, फक्त हळू स्पीडने आणि लांब दोराने. दीड तास त्यांना मासा का लागला नाही तेही तेव्हा उमगलं.

"ही दोन पोरं," कयाकवाल्यांकडे बोट दाखवून म्हणाले, "येताना माझ्याकडे आली. काका, थांबू का इथं, विचारलं. मी म्हटलं त्या कपारीकडे बसा, पाणी फिरलं तरी तिथं कुणाच्या वाटेत येणार नाय." आणि खरंच, सगळ्या गोंधळात त्या दोघांची लाईन कुणाला लागली नाही, त्यांना कुणाची लागली नाही.

या प्रकरणातून मला काय कळलं

पहिली गोष्ट, "किती फुटांवर थांबायचं" हा प्रश्नच अर्धवट आहे. लोक मला विचारतात, पन्नास मीटर पुरे का, शंभर पाहिजे का. लूर फेकणारा माणूस चाळीस-पन्नास मीटर फेकतो, दोघं समोरासमोर असतील तर शंभर लागणारच, एवढं सोपं आहे ते. पण आमच्या केसमध्ये आदळण्याच्या आधी एक तास अंतर "ठीक" दिसत होतं. अंतर होडीपासून मोजलं म्हणून घोळ झाला, ते नांगरापासून मोजायला हवं. प्रत्येक नांगरलेल्या होडीभोवती एक गोल असतो, त्याची त्रिज्या म्हणजे सोडलेला दोर आणि होडीची लांबी, आणि पाणी फिरलं की होडी त्या गोलात कुठेही जाऊ शकते. आमचा गोल चाळीसेक मीटरचा. त्यात दुसऱ्याने यायचं नाही. आणि आलेल्याला तो गोल दिसावा म्हणून नांगरावर तरंगता बोया बांधायची जबाबदारी आमची. रिकामा तेलाचा कॅन चालतो, वीस रुपयाचं काम. आमच्याकडे नव्हता. तो असता तर पोराने तिथे नांगर टाकलाच नसता, आणि दोर कापायची वेळ आली तेव्हा नांगर तरी हरवला नसता.

दुसरं, नंतर येणाऱ्याने आधीच्याचं बघून तसंच करायचं. आधीचे नांगरून असतील तर नांगरायचं, पाण्यावर सोडून वाहत गरवत असतील तर त्यांच्या मागच्या टोकाला जाऊन त्याच वाटेने वाहायचं आणि संपलं की लांबून वळसा घेऊन परत वर यायचं, मधून नाही. ट्रोलिंगवाल्यांशी माझं वैर नाही (आता तर अजिबात नाही), पण नांगरलेल्या होड्यांच्या मध्ये ट्रोलिंग बसतच नाही. त्यांनी बाहेरच्या खोल कडेने लांब पट्टा मारावा, तिथे टोळ, सुरमई मिळायची शक्यताही जास्त.

तिसरं जरा कायद्याचं आहे आणि हे बऱ्याच जुन्या गरवणाऱ्यांनाही माहिती नसतं. आम्ही ट्रॉलरवर चिडलो होतो, की आम्ही फिशिंग करतोय, दिसत नाही का याला. समुद्रावर टक्कर टाळायचे जे १९७२चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत त्यात मासेमारी करणारं जहाज म्हणजे ज्याला जाळ्यामुळे किंवा तसल्या सामानामुळे वळता येत नाही ते. मागे लूर ओढणारी ट्रोलिंगची होडी त्यातून सरळ वगळलेली आहे, आणि रॉड घेऊन बसलेल्या आपल्यालाही त्या सवलतीत बसवणं अवघडच. आणि बसलो तरी उपयोग नाही, कारण नियम ९ म्हणतो की अरुंद चॅनलमध्ये वीस मीटरपेक्षा लहान होडीने, जे मोठं जहाज फक्त चॅनलमधूनच जाऊ शकतं त्याची वाट अडवायची नाही, मासेमारी करणाऱ्याने तर कुणाचीच नाही, आणि शक्यतो तिथे नांगरही टाकायचा नाही. म्हणजे "आम्ही आधी होतो" हे चॅनलच्या कडेला संपतं. आमचा चाळीस मीटरचा गोल पूर्वेला चॅनलच्या कडेला टेकत होता, हे मी घरी येऊन नकाशावर मोजलं.

पुण्याच्या पोराबद्दल एकच म्हणेन. त्याची चूक होती, पण घाई त्याच्यावर बसलेल्या पाच जणांची होती. भाडं देऊन होडी घेतली की आपण गिऱ्हाईक होतो आणि तांडेलाला ड्रायव्हरसारखं वागवतो, "अजून जवळ घे, अजून जवळ". मीही करतो हे. काका ऐकत नाहीत म्हणून चालतंय. नांगर कुठे टाकायचा हे तांडेलानेच ठरवायचं, आणि त्याला चूक वाटलं तर नाही म्हणता आलं पाहिजे, भाडं कापलं जाईल या भीतीशिवाय.

आणि ओरडणं. मी त्या सकाळी पाच-सहा वेळा ओरडलो, त्यातलं एकही समोरच्याला कळलं नाही. मशीनच्या आवाजात "मागे घ्या" आणि "गुड मॉर्निंग" सारखंच ऐकू येतं. आता आम्ही चौघा-पाच तांडेलांनी आणि नेहमीच्या लोकांनी मिळून काही खुणा ठरवल्यात: डोक्यावर दोन्ही हात म्हणजे माझ्याकडे मासा लागलाय, लाईन आत घ्या, हात आडवा हलवणं म्हणजे माझा दोर इथे आहे, येऊ नका, आणि शिट्टी फक्त धोक्यासाठी, गप्पा मारायला नाही. पाणी फिरायच्या पंधरा मिनिटं आधी सगळ्यांनी लाईन गुंडाळून होड्या नव्याने लावायच्या, हेही ठरलं, पण खरं सांगतो, ते अजून जमत नाहीये. नेमका तेव्हाच मासा लागतो, कोण गुंडाळणार? मागच्या दोन रविवारी एकदा जमलं, एकदा नाही.

हिशोब

आमचा नांगर आणि दोर मिळून अठराशे रुपये झाले. पंख्यातून दोर सोडवताना त्यांनी आमचा नांगरही पाण्यात सोडून दिला होता, चॅनलच्या कडेला कुठेतरी आहे अजून. पुण्याच्या ग्रुपने न मागता अर्धे पाठवले, आम्ही त्यांच्या पंख्याच्या खर्चाला अर्धे दिले, म्हणजे पैसे इकडून तिकडे फिरले आणि दोघंही जवळपास होते तिथेच राहिले, पण बोलणं सुरू झालं. ट्रोलिंगवाल्यांना डिझेलचे पैसे द्यायला गेलो तर म्हणाले पुढच्या वेळी शिव्या कमी द्या.

राहिले म्हातारेबुवा. त्यांचा मासा गेला, त्याची भरपाई कशी करणार. पैसे घेईनात. फार आग्रह केला तेव्हा म्हणाले, एक जाड तंगुसाचं रीळ आणून द्या. पुण्याच्या लोकांनी मनावर घेतलं, एसटीच्या पार्सलने चांगलं जपानी फ्लोरोकार्बनचं तंगूस पाठवलं, पन्नास मीटरचं, मी किंमत बघितली आणि दोनदा बघितली. परवा धक्क्यावर भेटले तेव्हा विचारलं, कसं आहे तंगूस. म्हणाले, "कडक आहे. हाताला कापतं." मग म्हटलं, केलं काय त्याचं? घराच्या मागच्या पडवीत सुकट वाळवायला बांधलंय म्हणे, उंदीर चढत नाहीत त्याच्यावरून.

बाजारातलं साधं तंगूस मीच नेऊन दिलं मग. घेतलं, दोन बोटांत ताणून बघितलं आणि म्हणाले, रविवारी येतोस ना, मग ये, पण माझ्या खालच्या अंगाला बस.